फास्ट गिटार आवडत नाही म्हणून लाजू नकोस

अरे, आपल्या गिटारप्रेमींच्या ग्रुपमधे कोणी सुसाट वाजवणाऱ्या गिटारिस्ट माल्मस्टीनला देव मानतो, कोणी म्हणतो नुसती बोटं पळतात, फील कुठंय, आणि तू मधे गप्प बसतोस, तसं करू नको. जे आवडतं ते बिनधास्त सांग, फक्त का आवडतं तेही सांग म्हणजे गप्पा रंगतात.

ऐकायला सुरुवात गिटारिस्ट जो सॅट्रिआनीपासून कर, त्याचा १९८७ चा सर्फिंग विथ द एलियन अल्बम घे, त्यात चाली गुणगुणता येतात, स्पीड असला तरी गाणं हरवत नाही. मग स्टीव्ह वाय. तो सॅट्रिआनीकडेच शिकलेला, पण दोघांचा स्वभाव इतका वेगळा की एक आवडला म्हणजे दुसरा आवडेलच असं नाही, आणि हे मला फार भारी वाटतं. १९९६ पासून जीथ्री, म्हणजे तीन गिटारिस्ट एकत्र घेऊन केलेल्या टूरमधे हे दोघं एकाच स्टेजवर वाजवायचे, तिथं एकामागोमाग सोलो ऐकले की फरक आपोआप कळतो.

गिटारिस्ट जेफ बेक मात्र नीट हेडफोन लावून ऐक. पुढं पुढं तो पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) सोडून नुसत्या बोटांनी वाजवायचा, व्हायब्रेटो बारने, म्हणजे गिटारवरच्या दांडीने, सूर वाकवायचा, एकेक नोट अक्षरशः गाते, माझ्या मते त्याच्यासारखा टोन कोणाचाच नाही, पण आपल्यातलेच दोघं-तिघं यावर अजून भांडतात माझ्याशी, आणि भांडून झालं की तेच नवीन अल्बम पाठवतात. जॅझ-रॉक वाजवणारा गिटारिस्ट अ‍ॅलन होल्ड्सवर्थ पहिल्यांदा डोक्यावरून गेला तर सोडून दे, नंतर कधीतरी परत लाव.