'मोदेर्निस्मो'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: स्पॅनिश साहित्याच्या इतिहासात स्वच्छंदतावाद, वास्तववाद, मोदेर्निस्मो, '९८ची पिढी', बांग्वार्दिया (विसाव्या शतकाच्या आरंभीचे प्रयोगशील प्रवाह) असे टप्पे सांगतात. मराठीत लिहिताना यांतल्या मोदेर्निस्मोला 'आधुनिकतावाद' म्हटले तर चालेल का?

चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शब्दाची व्युत्पत्ती तीच असली तरी आशय फार वेगळा आहे.

आधुनिकतावाद म्हटले की मराठी वाचकाला एलियट, जॉइस, काफ्का आठवतात, आणि आपल्याकडचे मर्ढेकर. महानगर, यंत्र, महायुद्धाने खचलेला माणूस. ही अपेक्षा मनात धरून रुबेन दारीओ वाचायला घेतला, तर भेटतात राजहंस, उदास राजकन्या, व्हर्सायची उद्याने आणि कानात घोळत राहणारा नाद. निकाराग्वात १८६७ साली जन्मलेल्या या कवीचे 'आसुल' (म्हणजे 'निळे') हे पुस्तक १८८८ मध्ये चिलीतल्या वाल्पाराइसोला छापले गेले, आणि मोदेर्निस्मोची सुरुवात सहसा तिथून धरतात. क्यूबाचा होसे मार्ती आणि मेक्सिकोचा गुतिएर्रेस नाहेरा त्याच्या आधीच त्या वाटेला लागले होते. स्वच्छंदतावादाची उरलीसुरली भाषणबाजी आणि वास्तववादाचा रोखठोकपणा या दोन्हींचा या मंडळींना कंटाळा आला होता. फ्रेंच पार्नासपंथी (भावनेच्या उमाळ्यापेक्षा घाटदार रचनेला मान देणाऱ्या) आणि प्रतीकवादी (थेट न सांगता सुचवणाऱ्या) कवींकडून त्यांनी शब्दांची घडण आणि संगीत घेतले. स्पॅनिश कवितेत आठ आणि अकरा अक्षरांच्या ओळींचे राज्य होते. दारीओने चौदा अक्षरांच्या ओळीत पुन्हा जीव भरला, त्या मापात सुनीतेही रचली. तेव्हा हा पंथ आपल्या ओळखीच्या आधुनिकतावादापेक्षा प्रतीकवादाचा जवळचा नातलग आहे.

शब्दाचे नशीबही पाहण्यासारखे आहे. तो आधी हिणवण्यासाठी वापरला जाई. स्पॅनिश अकादमीच्या १८९९च्या कोशात मोदेर्निस्मोचा अर्थ दिला आहे तो जुन्याला तुच्छ लेखून नव्याचा अतिरेकी सोस, अशा धर्तीचा. दारीओने तोच शब्द बिल्ल्यासारखा छातीवर लावला. १८९८ मध्ये स्पेनने क्यूबा, पोर्तो रिको आणि फिलिपिन्स गमावले. त्याच वर्षाच्या अखेरीस दारीओ ब्वेनोस आइरेसच्या 'ला नासिओन' या वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून स्पेनला आला. साम्राज्य संपले त्या घडीला जुन्या वसाहतींतून आलेला कवी राजधानीतल्या तरुणांना कविता शिकवतो, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण वळण वाटते. आंतोनिओ माचादो आणि हुआन रामोन हिमेनेस हे दोघेही स्पॅनिश कवी आधी त्याच्या प्रभावाखाली लिहू लागले. पुढे माचादो कास्तियाच्या रुक्ष माळरानाकडे वळला, म्हणून उनामुनो, बारोहा या लेखकांसह त्याला '९८च्या पिढी'त घालतात. हे नाव आसोरिन या लेखकाने १९१३ मध्ये रूढ केले. मोदेर्निस्मो आणि ही पिढी यांच्यात आखलेली भिंत मात्र अभ्यासकांनी नंतर उंच केली.

'आधुनिकतावाद' वापरला की आणखी एक घोटाळा होतो. फेदेरिको दे ओनिस या स्पॅनिश समीक्षकाने १९३४ साली संपादित केलेल्या काव्यसंग्रहात 'पोस्त-मोदेर्निस्मो' हा शब्द वापरला. त्याच्या लेखी तो काळ साधारण १९०५ ते १९१४चा, दारीओच्या झगमगाटानंतरच्या साध्या, हळव्या सुराचा. त्याला 'उत्तर-आधुनिकतावाद' म्हटले तर वाचक थेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाऊन पडेल.

गोव्यात किंवा अन्यत्र पोर्तुगीज वाचणाऱ्यांनी इथे अधिक जपायला हवे. पोर्तुगीजमध्ये हाच शब्द हुबेहूब याच अक्षरांत लिहितात, पण त्याचा अर्थ पोर्तुगालचा कवी पेसोआ आणि १९१५चे 'ओर्फेउ' हे नियतकालिक, किंवा ब्राझीलमध्ये १९२२चा साओ पाउलोचा आधुनिक कला सप्ताह. स्पॅनिशमध्ये त्याला बांग्वार्दिया म्हणतील. कॅटलानमधला 'मोदेर्निस्मे' तर बहुतेकांना ठाऊक आहे तो बार्सेलोनाचा वास्तुशिल्पी गाउदी याच्या इमारतींमुळे.

एक आक्षेप वजनदार आहे. हिमेनेसने १९५३ साली पोर्तो रिकोतल्या व्याख्यानांत सांगितले की मोदेर्निस्मो हा एखादा पंथ नसून संपूर्ण युगाची वृत्ती आहे. त्याचे म्हणणे मानले तर 'आधुनिकतावाद' अगदीच परका राहत नाही. पण टप्प्यांच्या यादीत आपण युगाची वृत्ती सांगत नसतो, ठरावीक कवींचा ठरावीक काळ सांगत असतो. तिथे 'मोदेर्निस्मो' असाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला 'स्पॅनिश प्रतीकवादी-सौंदर्यवादी काव्यप्रवाह' एवढे स्पष्टीकरण जोडावे.

'बांग्वार्दिया'साठी मात्र घरचा शब्द आहे. मूळ अर्थ सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी, म्हणजे मराठेशाहीतली बिनी. उल्त्राइस्मो, विदोब्रोचा क्रेआसिओनिस्मो, गोमेस दे ला सेर्नाची एकेका वाक्याची 'ग्रेगेरिया' यांना 'बिनीचे प्रवाह' म्हणायला मला आवडेल. १९२७ची लोर्का-आल्बेर्तींची पिढी त्यात सरसकट घालू नये. ती सेव्हियात जमली होती गोंगोरा या सतराव्या शतकातल्या कवीच्या मृत्यूच्या त्रिशताब्दीसाठी, म्हणजे जुन्या परंपरेला मान द्यायला.