जावाच्या छोट्या बौद्ध कांस्यमूर्ती: सुरुवात कुठून करावी?

आग्नेय आशियातल्या छोट्या बौद्ध कांस्यमूर्ती ओळखायला शिकायचा उत्साह छान आहे, पण थायलंड, कंबोडिया, जावा (इंडोनेशियातलं बेट) असं सगळं एकदम धरू नका. सुरुवातीला फक्त जावा, 8वं ते 10वं शतक. तेवढंच पुष्कळ आहे.

आधी मुकुट बघा. त्यात बसलेला इवलासा अमिताभ बुद्ध दिसला तर अवलोकितेश्वर (करुणेचा बोधिसत्त्व), स्तूप दिसला तर मैत्रेय (भविष्यात येणारा बुद्ध). मग हात. ढेरपोट्या देव दिसला की नवखे 'गणपती' म्हणून मोकळे होतात. मीही झालो होतो, सोंड नसताना! एका हातात महाळुंग आणि दुसऱ्यात रत्नं ओकणारं मुंगूस असेल, तर तो जंभल, म्हणजे बौद्धांचा धनाचा देव.

पाठ बघायला विसरू नका. काही मूर्तींवर तिथे 'ये धर्मा' हे बौद्ध वचन कोरलेलं असतं.

नेहमीच्या दोन चुका:
- खरेदीची घाई. बाजारात नकली माल भरपूर आहे, आणि अस्सल असला तरी चोरीचा असू शकतो.
- मूर्तीवर काळानुसार चढलेला हिरवा थर चिंचेने किंवा पितांबरीने घासणं. कृपा करून नको! त्या थरासोबत पुरावाही जातो.

1913 साली पूर्व जावात न्गांजुकला मंडलातल्या (म्हणजे देवतांच्या ठरावीक मांडणीतल्या) छोट्या मूर्तींचा मोठा साठा सापडला. त्याचे फोटो निवांत बघा. मंडलातली देवतांची मांडणी नंतर समजून घेऊ.