निवडणूक हरलात, तरी खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो

प्रश्न : मी दिग्रस तालुक्यातल्या नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत महिला जागेवर उभी होते, पडले. हिशेब दिला नाही. पुतण्या म्हणाला, २० हजारांच्या आतलं दाखवावं लागत नाही. माझे स्वतःचे ११ हजार गेले. फ्लेक्स भावाने करून दिले, भोंग्याचा ऑटो शेजाऱ्याचा. आता जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस आलीय, अपात्र का ठरवू नये म्हणून. यांचं म्हणणं, निवडून आलोच नाही तर अपात्र काय करतील? मला पुन्हा उभं राहायचंय.

उत्तर : ताई, पुतण्याने वाचलेला २० हजारांचा आकडा खरा आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९ क प्रमाणे नोंदणीकृत राजकीय पक्षाला २० हजारांपेक्षा जास्त देणगी देणाऱ्यांची माहिती भारत निवडणूक आयोगाला द्यावी लागते. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होतच नाही आणि ती घेतो राज्य निवडणूक आयोग. तुम्हाला एवढ्याखालचं लपलं तरी चालतं अशी रेषाच नाही. पाचशेचा भोंगाही लिहायचा.

मर्यादा मात्र आहे. सात ते नऊ सदस्यांच्या पंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवाराला २०२५ पर्यंत ती २५ हजार होती. तुमचे ११ हजार त्यात बसतात. भावाचे फ्लेक्स आणि शेजाऱ्याचा ऑटो फुकट मिळाले, तरी गावात जो दर चालतो त्याप्रमाणे किंमत धरून 'भावाकडून', 'शेजाऱ्याकडून' असं लिहा. भावाकडे फ्लेक्सवाल्याचं बिल असेल तर जोडा. नसेल तर आता मागच्या तारखेचं बनवून घेऊ नका. गावात असं करणारे भेटतात, आणि मग साधी चूक खोट्या कागदाची होते.

तुमची अडचण रकमेची नाही, मुदतीची आहे. निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो, पडलेल्यालाही आणि बिनविरोध आलेल्यालाही. तो दिला नाही आणि त्याला सबळ कारणही नाही, असं ठरलं तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ ब प्रमाणे पाच वर्षांसाठी अपात्र ठरवता येतं. 'यांच्या' प्रश्नाचं उत्तर इथेच आहे : अपात्रता सदस्य राहण्यापुरती नसून निवडणूक लढवण्यालाही लागते. आणि पाच वर्षं आदेशाच्या तारखेपासून मोजतात. पंचायतीची मुदतही पाच वर्षांची, त्यामुळे आज आदेश झाला तर पुढची निवडणूक बहुधा हातची जाते.

म्हणून सुनावणीआधीच हिशेब तयार करा, तहसीलच्या निवडणूक शाखेत द्या आणि तारीख-शिक्क्याची पोच घ्या. निवडणुकीसाठी उघडलेल्या बँक खात्याचा उतारा सोबत असू द्या. लेखी खुलाशात 'कायदा माहीत नव्हता' एवढंच लिहू नका, ते टिकत नाही. त्या महिन्यात घरात आजारपण होतं का, बाळंतपण, कुणाचा मृत्यू? असेल तरच लिहा, आणि दवाखान्याचा कागद किंवा मृत्यूचा दाखला जोडा. काहीच नसेल तर उशीर झाला हे सरळ कबूल करून, खर्च मर्यादेत होता आणि पूर्ण हिशेब आता दिला आहे, हे मांडा.

सुनावणीला यांना एकटं पाठवू नका. उमेदवार तुम्ही होतात, सही तुमची लागते. आदेश विरोधात गेलाच, तर कलम १४ ब (२) खाली अपात्रता काढण्याचा किंवा कालावधी कमी करण्याचा अर्ज करता येतो आणि त्यानंतर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे. तेव्हा आदेशाची प्रत लगेच मागून घ्या.