नोकरकपातीच्या काळात एचआरमधल्या माणसाने स्वतःला कसं सावरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबईतल्या एका आयटी कंपनीत तुम्ही एचआरमध्ये आहात, पुढच्या महिन्यात कपात आहे, यादी तुमच्या लॅपटॉपवर येऊन पडली आहे. त्यातल्याच काही जणांबरोबर रोज डबा खाता. झोप उडाली आहे आणि साहेब म्हणतात, "या फील्डमध्ये जरा घट्ट व्हावं लागतं."

मी वीसेक वर्षं या कामात आहे. आधी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात होते, नंतर अंधेरीत आयटीत आले. माझं मत सरळ सांगते: घट्ट व्हायच्या नादी लागू नका. घट्ट झालेले एचआरवाले मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना झोप लागते, पण त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला त्या दिवशी कंपनीपेक्षा त्यांचाच जास्त राग येतो. आपल्याला तारून नेतं ते एकच, आपल्या हातात जेवढं होतं तेवढं चोख केलं याची खात्री. म्हणून माझं निम्मं उत्तर कागदपत्रांबद्दल असेल. मेडिटेशनच्या ॲपची अपेक्षा असेल तर माफ करा.

आधी हे काम इतकं का दमवतं ते बघू. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली भावनांच्या श्रमाची कल्पना मांडली. त्यासाठी त्यांनी दोन टोकांच्या नोकऱ्या अभ्यासल्या होत्या: हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे. एकीला आत असेल त्यापेक्षा जास्त गोड वागावं लागतं, दुसऱ्याला जास्त कडक. एचआरला दोन्ही एकाच दिवशी करावं लागतं. सकाळी वाढदिवसाचा केक कापायचा, दुपारी केबिनमध्ये पत्र द्यायचं.

कारखान्यात हे तुलनेने सोपं होतं, असं आता वाटतं. तिथे समोर युनियनचा माणूस असायचा. तो टेबल आपटायचा, आमचा उद्धार करायचा, पण कामगाराच्या बाजूने बोलायला कुणीतरी आहे हे आम्हालाही ठाऊक असायचं. आयटीच्या काचेच्या केबिनमध्ये समोरचा एकटा असतो. त्याच्या बाजूचं जे काही बोलायचं ते बोलणारं त्या खोलीत तुमच्याशिवाय कुणी नसतं, आणि पगार मात्र तुम्ही कंपनीचा घेता. ही ओढाताण तुमच्या स्वभावातली कमजोरी नाही, कामाची रचनाच तशी आहे.

आता कागदपत्रं. यादी 'फायनल' म्हणून आली असली तरी ती नावानावाने वाचा. बिझनेस हेड एक्सेलमधल्या पगाराच्या रकान्याकडे बघून नावं निवडतो, बाकीचं त्याला माहीत नसतं. प्रसूती रजेवरची कुणी आहे का? त्या रजेच्या काळात तिला काढणं बेकायदा आहे. कुणाची पाच वर्षं भरायला दोन-तीन महिने उरलेत का? पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी, वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. दोन महिन्यांसाठी ती जाणार असेल तर 'याची तारीख पुढे ढकलू या, खर्च एवढा येईल' असा हिशेब मांडून वर पाठवा. कुणी नुकतंच मोठं आजारपण काढलंय का? एकाच टीममधून सगळ्या बायकाच निघाल्यात का? प्रत्येक वेळी ऐकतील असं नाही. पण असं एखादं नाव मागे घेतलं गेलं की पुढचे दोन आठवडे काढायचं बळ मिळतं, हे अनुभवाने सांगते.

कायदा नीट वाचून ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. वेतन संहितेप्रमाणे काढलेल्या माणसाचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं, 'एफ अँड एफला (म्हणजे शेवटच्या हिशेबाला) पंचेचाळीस दिवस लागतात' हे जुनं पालुपद तिथे चालत नाही. कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्याची वर्षभर सलग सेवा झाली असेल तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. आणि व्याख्येत कोण बसतो हे व्हिजिटिंग कार्डावरच्या 'मॅनेजर' शब्दावर ठरत नाही, तो रोज प्रत्यक्ष काय काम करतो यावर ठरतं. वकिलाला विचारायचंच, पण आधी स्वतः वाचा. आकडे तोंडपाठ असले की आवाज कापत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट राजीनाम्याची. बऱ्याच ठिकाणी कपातीला कपात म्हणत नाहीत. लोकांना बोलावून 'स्वतःहून राजीनामा टाका, नाहीतर रिलीव्हिंग लेटरवर लाल शेरा येईल' असं सांगायला लावतात, आणि ते सांगायचं काम एचआरमधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीवर येतं. इथे आपली रेघ कुठे आहे ते आजच ठरवा, त्या खोलीत शिरल्यावर नाही. मी माझी अशी ठरवली आहे: कंपनीचा निर्णय सांगेन, जाताना काय पैसे मिळणार ते पॅकेज समजावेन, विचार करायला घरी कागद नेऊ देईन, धमकी देणार नाही आणि तिथल्या तिथे सही घेणार नाही. एकदा हे वरिष्ठांना शांतपणे सांगितलं, तर त्यांनी ते काम दुसऱ्याकडे दिलं, माझी नोकरी गेली नाही. तुमच्याकडेही असंच होईल याची हमी मी देऊ शकत नाही. घराचे हप्ते डोक्यावर असताना 'नाही' म्हणणं किती महाग पडतं, हे बाहेरून सल्ला देणाऱ्यांनी विसरू नये. निदान तोंडी आलेली सूचना ईमेलवर आणा. 'आज आपण सांगितल्याप्रमाणे पुढील गोष्टी करत आहे, काही चुकलं असल्यास कळवावे' एवढी एक ओळ पुरते. पुष्कळदा ती ओळ गेल्यावर सूचनाच बदलते. प्रकरण उद्या बीकेसीतल्या कामगार भवनापर्यंत, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कचेरीपर्यंत गेलं, तर ती ओळ तुमच्याही उपयोगी पडेल.

आता डब्याचा प्रश्न. यादीतला माणूस जेवताना बदलापूरच्या टू बीएचकेचं ब्रोशर दाखवतो आणि विचारतो, "बुक करू ना?" सांगता येत नाही, सांगायचंही नाही, एकाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत मजला पेटतो आणि बाकीच्यांचं नुकसान होतं. पण खोटंही बोलू नका. 'काही नाही रे, सगळ्या अफवा आहेत' हे वाक्य पुढे कित्येक वर्षं तुमच्या डोक्यात वाजत राहील. त्याऐवजी एक वाक्य आधीच ठरवून ठेवा आणि सगळ्यांना तेच सांगा, यादीत असो वा नसो: "कंपनीच्या योजनांवर मी बोलत नाही. पण सध्याच्या बाजारात सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय कुणीच मोठं कर्ज घेऊ नये, असं माझं मत आहे." सगळ्यांनाच सांगितल्यामुळे त्यातून काही फुटत नाही. आणि त्या आठवड्यांत डबा थोडे दिवस दुसरीकडे खाल्लात तरी हरकत नाही. त्याला पळपुटेपणा म्हणत नाहीत.

प्रत्यक्ष दिवशी काय करायचं त्याबद्दल फार लिहीत नाही, बहुतेक गोष्टी तुम्हाला माहीत असतील. निर्णय मॅनेजरने स्वतःच्या तोंडाने सांगावा, तुम्ही आकडे आणि पुढची प्रक्रिया सांगा. एकामागोमाग एक मीटिंगा लावू नका, मध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवा, नाहीतर चौथ्या माणसाला तुम्ही पहिल्याचा थकवा द्याल. खर्च वाचवण्यासाठी काढत असाल तर त्याला 'परफॉर्मन्स'चा मुलामा देऊ नका. मीटिंग चालू असतानाच ॲक्सेस कार्ड बंद करायची आयटीवाल्यांना घाई असते, ती थांबवा. 'मलाही खूप वाईट वाटतंय' हे वाक्य टाळा. समोरच्याला उलट तुमचीच समजूत काढावी लागते. ग्रुप मेडिक्लेम कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे आणि त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत कसं जाता येईल, हे छापून हातात द्या. आईवडिलांची औषधं चालू असलेल्या माणसाला त्या दिवशी तुमच्या सांत्वनापेक्षा त्या कागदाचा जास्त उपयोग होतो. कुणी 'आता सगळं संपलं' अशा भाषेत बोलू लागला तर त्याला एकटं सोडू नका, त्याला विचारून घरच्या कुणाला तरी बोलावून घ्या. मानसिक त्रासात मदत करणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं.

हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे. कंपनीने समुपदेशनाची सोय केली असेल तर एचआरवाले ती हमखास वापरत नाहीत, कारण 'रिपोर्ट आपल्याकडेच येतो.' अहो, रिपोर्टमध्ये फक्त एकूण आकडे असतात, नावं नसतात, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? दोन आठवडे सलग झोप नसेल, छाती धडधडत असेल किंवा रोज रात्री 'थोडीशी' घ्यावीशी वाटत असेल, तर डॉक्टर गाठा. खाजगी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर इथे मानसोपचाराची ओपीडी आहे.

लिहिण्याचा उपाय मला आधी भंपक वाटायचा. १९९४ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी नोकरी गेलेल्या अमेरिकी इंजिनिअरांवर एक प्रयोग केला होता. ज्यांनी सलग काही दिवस थोडा वेळ बसून नोकरी जाण्याबद्दलचं मनातलं लिहून काढलं, त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. आपली नोकरी गेलेली नाही, तरी वहीत लिहा. नावं लिहू नका आणि कंपनीच्या लॅपटॉपवर तर नाहीच नाही.

रविवार मोकळा ठेवा. याच शहरातल्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झगडले आणि १८९० साली ती मिळाली. आपण व्हॉट्सॲपवर ती परत करून बसलोय. काढलेली माणसं रात्री-अपरात्री विचारतील, 'लेटर कधी? पीएफचं काय?' त्यांना टाळू नका, ते फार वाईट दिसतं. पण वेळ ठरवून द्या, समजा मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा, आणि त्या वेळेत फोन नक्की उचला.

घरी नावं सांगायची नाहीत, पण 'ऑफिसात वाईट दिवस चाललेत, मी चिडचिडी झाले तर समजून घ्या' एवढं सांगून ठेवा.

आणि ज्या विषयावर आपल्या लोकांना बोलायला आवडत नाही तो शेवटी. भरती थांबली की भरती करणारे कशाला हवेत, हा हिशेब वर कुणीतरी करतच असतो. सगळ्यांची पत्रं वाटून झाल्यावर एचआरमधल्याच दोघा-तिघांना बोलावल्याचं मी पाहिलंय. तेव्हा स्वतःच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि अप्रेझलची पत्रं आजच घरी आणून ठेवा. फक्त स्वतःची, कंपनीची एकही फाइल स्वतःच्या मेलवर पाठवू नका, नाहीतर काढायला त्यांना आयतंच कारण मिळेल. सीव्ही अद्ययावत करा, जुन्या सहकाऱ्यांना फोन लावा. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.