बीटा टाकायच्या आधी

अरे भाऊ, डेव्हलपर बीटा (ॲप बनवणाऱ्यांसाठी आधी येणारी फोनच्या सिस्टीमची कच्ची आवृत्ती) फुकट दिसला म्हणून आज रात्रीच टाकू नकोस. आधी ॲपलच्या या बीटासाठी वर्षाला ९९ डॉलरचं सदस्यत्व लागायचं. जून २०२३ मध्ये, आयफोनच्या आयओएस १७ या सिस्टीमपासून, तो साध्या ॲपल आयडीवर थेट सेटिंग्जमधून मिळू लागला. पण पैसे लागत नाहीत म्हणून तो पक्का झाला असं नाही.

सगळ्यात आधी कॉम्प्युटरवर बॅकअप घे. बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही. माझे मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो असेच गेले, अजून जीव हळहळतो. अँड्रॉइडवर बीटा सोडून मागे यायचं तर फोन पूर्ण पुसला जातो.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- रोजच्या फोनवर टाकतात. बँकेचं ॲप उघडलं नाही की अडकलास.
- कुठल्याही साइटवरून प्रोफाइल, म्हणजे बीटा चालू करणारी फाइल, उतरवतात. आता त्याची गरजच नाही.

तुझ्यासाठी पब्लिक बीटा, म्हणजे सगळ्यांसाठीची चाचणी आवृत्ती, बरा, तो साधारण जुलैत येतो. बीटासाठी वेगळा जुना फोन घ्यायला बर्डीच्या बाजारात जाशील तेव्हा सांग, मी येतो सोबत.