बांडगूळ आणि अमरवेल एकाच कुळातली का?

प्रश्न खानापूरच्या आंब्यावरच्या बांडगुळाचा आणि कुंपणावरच्या पिवळ्या अमरवेलीचा आहे. नाही, दोन्ही परोपजीवी असली तरी नातं फार लांबचं.

अमरवेल रताळ्याच्या कुळातली. बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीत पिकतं तेच रताळं! पटत नसेल तर फुलोऱ्याच्या दिवसांत अमरवेलीची पांढरी, घंटेसारखी इवलीशी फुलं जवळून बघा. पाकळ्या खाली जुळून नळी झालेली दिसेल, रताळ्याच्या फुलासारखीच. बी जमिनीत रुजतं, पण वेलाने झाड धरलं की मूळ मरतं. पान नाही, हिरवेपणा जवळजवळ नाही, म्हणून पाणी आणि तयार अन्न दोन्ही त्या झाडाचंच.

बांडगूळ मात्र चंदनाच्या गणातलं (गण म्हणजे अनेक कुळांचा मोठा गट), आणि चंदनही दुसऱ्यांच्या मुळांतून शोषतं. बांडगुळाची पानं हिरवीगार, त्यामुळे अन्न बरंचसं स्वतःच करतं. झाडाकडून मुख्यतः पाणी आणि क्षार ओढतं. फळातलं बी चिकट असतं. फुलटोच्या पक्षी ते फांदीवर पुसून टाकतो आणि तिथेच ते रुजतं.

म्हणजे परक्यावर जगणं दोघांनी वेगवेगळं कमावलं. सपुष्प वनस्पतींत असं डझनभर वेळा तरी घडलंय, आणि मला यातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं.

बागेसाठी एवढं करा: बांडगुळाची नुसती पानं छाटू नका, ते फांदीला जिथे धरतं त्या गाठीच्या खालून फांदीच कापा. अमरवेलीचे तुकडे दुसऱ्या कुंपणावर टाकू नका, तुकडाही पुन्हा धरतो.