चेकच्या खटल्यात शिक्षा झाली, अपीलला उशीर झाला: आता काय?

प्रश्न: मी 52 वर्षांचा आहे. सांगली जिल्ह्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जुलै 2021 मध्ये ओळखीच्या एका गृहस्थाकडून चार लाख रुपये हातउसने घेतले आणि तारण म्हणून सही केलेला कोरा चेक दिला. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांनी चार लाखांचा आकडा घालून तो वटवायला टाकला. चेक परत गेला, कलम 138 ची केस झाली. वकिलाची फी परवडेना म्हणून मी स्वतःच केस चालवली. 14 जुलै 2025 ला सहा महिने साधी कैद आणि साडेपाच लाख रुपये भरपाई असा निकाल लागला. अपील करण्यासाठी शिक्षेला तीस दिवसांची स्थगिती मिळाली. मी 21 जुलैला त्याच कोर्टात निकालाचा फेरविचार करा म्हणून अर्ज दिला, तो 2 सप्टेंबरला फेटाळला. 4 तारखेला नकलेचा अर्ज टाकला, 18 ला नक्कल मिळाली. 23 सप्टेंबरला सत्र न्यायालयात अपील नेलं, तर त्यावर पेन्सिलीने तीन आक्षेप लिहून परत दिलं. आता पोलीस ठाण्यातून हवालदारांचा फोन येतोय. थेट हायकोर्टात जाऊ का?

उत्तर: तुमचं नऊ पानी पत्र मी दोनदा वाचलं. हायकोर्टात सध्या जाऊ नका. का, ते सांगतो, पण आधी हवालदारांच्या फोनचं बघू.

तुमच्या शिक्षेची स्थगिती 13 ऑगस्टला संपली. त्या दिवसापर्यंत वरच्या कोर्टाचा हुकूम आणून दिला नाही, की दंडाधिकाऱ्यांना शिक्षेची अंमलबजावणी सुरू करावीच लागते. फोन त्यातूनच आला असणार. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुमच्या केसचा सीएनआर क्रमांक (केसचा ओळख क्रमांक) टाका, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टातल्या तारखावार कामाच्या नोंदीत, वॉरंट काढल्याचं दिसतं का बघा. लपून राहू नका, गाव सोडू नका. ‘वॉरंट निघाल्यावर फरार’ असा एक शेरा रोजनाम्यात पडला, तर उद्या विलंब माफीच्या अर्जावर समोरचा वकील पहिल्यांदा तेवढंच वाचून दाखवेल.

आता चूक कुठे झाली? फेरविचाराचा अर्ज. यात तुम्ही एकटे नाही. वकिलाशिवाय लढणारे निम्मे लोक इथेच अडकतात, कारण दिवाणी दाव्यात निकालाच्या पुनर्विलोकनाची सोय असते हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. फौजदारीत निकालावर सही झाली की त्या कोर्टाचे हात बांधले जातात. लेखनातली किंवा आकडेमोडीची चूक दुरुस्त करता येते, बाकी काही नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 362 हेच सांगत होतं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 403 हेच सांगतं. तुमचा अर्ज पहिल्याच तारखेला निकाली निघायला हवा होता. तो सहा आठवडे राहिला, आणि तेवढ्यात अपीलाची मुदत गेली.

ही मुदत तीस दिवसांची. 13 ऑगस्टनंतर 23 सप्टेंबरपर्यंत 41 दिवस उशीर. पत्रात तुम्ही म्हणता की नकलेचे पंधरा दिवस वजा करा. नकलेला लागलेला वेळ वजा होतो हे खरं, मुदत कायद्याच्या कलम 12 मध्येच आहे. पण अर्ज मुदतीच्या आत टाकलेला असेल तर. तुम्ही तो 4 सप्टेंबरला टाकलात, तेव्हा मुदत संपून तीन आठवडे झाले होते. शिवाय कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत लगेच आणि फुकट द्यावी लागते. ती तुम्हाला 14 जुलैलाच मिळाली होती, तुमची सही रोजनाम्यावर आहे. ही फुकट प्रत म्हणजे किरकोळ सोय समजू नका. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1978 च्या प्रकरणात आरोपीला हायकोर्टाने 1973 मध्ये तीन वर्षांची शिक्षा दिली, आणि तो सर्वोच्च न्यायालयात पोचला तेव्हा शिक्षा भोगूनही झाली होती. निकालाची प्रत तुरुंगात पाठवली होती म्हणे, पण ती कैद्याच्या हाती पडल्याची पोच कुणाकडे नव्हती. तेव्हापासून प्रत द्यायची आणि लेखी पोच घ्यायची. तुमची पोच आहे. म्हणून ‘मला निकालच मिळाला नाही’ असं कुणी लिहायला सांगितलं तरी लिहू नका.

खरं लिहा. तेच तुमच्या फायद्याचं आहे. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे गेलेला वेळ हे मुदत कायद्याच्या कलम 5 खाली उशिराचं चांगलं कारण ठरतं. अर्जात साधारण असं येऊ द्या: “अपीलकर्ता कायद्याचा जाणकार नाही व खालच्या न्यायालयात त्याने स्वतः काम चालवले. निकालाच्या सातव्याच दिवशी, दि. 21/07/2025 रोजी, त्याने त्याच न्यायालयात दाद मागितली. तो अर्ज दि. 02/09/2025 रोजी नामंजूर झाला. दि. 04/09/2025 रोजी नकलेचा अर्ज दिला, दि. 18/09/2025 रोजी नक्कल मिळाली व पाचव्या दिवशी अपील सादर केले.” सोबत शपथपत्र, फेटाळलेल्या अर्जाची आणि त्यावरच्या हुकुमाची प्रमाणित नक्कल. एवढं पुरे. गरिबी, आजारपण, आईचं ऑपरेशन यांचं सविस्तर वर्णन पत्रात आहे, ते अर्जात नको. एका दिवसाचाही खुलासा न सुटता प्रत्येक दिवसाचा हिशोब द्यावा लागतो असं काही लोक घाबरवतात. सर्वोच्च न्यायालयाने 1987 सालीच विचारलं होतं की मग प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा का नको? 41 दिवस फार नाहीत. मात्र त्या अर्जाच्या तारखेला हजर राहा. अपील दाखल करून घेतल्यावर तुम्ही गैरहजर म्हणून ते निव्वळ निकाली काढता येत नाही, रेकॉर्ड वाचून गुणदोषांवर ठरवावं लागतं. विलंबाच्या अर्जाला तेवढं संरक्षण नाही.

पेन्सिलीचे आक्षेप पत्रासोबतच्या फोटोत वाचले. एक, विलंब माफीचा अर्ज नाही. दोन, महाराष्ट्र शासनाला पक्षकार केलेलं नाही. खासगी फिर्याद असली तरी अपीलात फिर्यादी आणि शासन दोघंही प्रतिवादी असतात, नाव वाढवा. तीन, मागणी चुकीची आहे. ‘खटला पुन्हा पहिल्यापासून चालवावा’ असं लिहिलंय. त्याऐवजी ‘दोषसिद्धी व शिक्षा रद्द करून अपीलकर्त्यास निर्दोष सोडावे’ असं लिहा. शिक्षा स्थगितीचा वेगळा अर्जही जोडा, आणि दोन्ही अर्ज तातडीने ऐकावेत म्हणून तिसरा. कलमं लिहिताना नवी आणि जुनी दोन्ही लिहा: अपील 415 (374), स्थगिती 430 (389). खटला जुन्या संहितेत सुरू झाला, अपील नव्यात आलं, अशा प्रकरणांत कोणतं कलम लावायचं यावर सगळ्या कोर्टांचं एकमत नाही. तो वाद तुमच्या अपीलात नको.

हायकोर्ट का नको, तेही ऐका. जिथे अपील करता येतं आणि ते केलेलं नाही, तिथे त्याच माणसाला हायकोर्टात पुनरीक्षण (रिव्हिजन) अर्ज करता येत नाही. गैरसमजातून आलेला अर्ज हायकोर्ट अपील समजून घेऊ शकतं, पण त्यासाठी मुंबई किंवा कोल्हापूरच्या फेऱ्या कशाला मारायच्या?

आता मला खरं बोलायचंय ते पत्राच्या सातव्या पानाबद्दल. आधीची सहा पानं तुम्ही कोऱ्या चेकवर खर्च केलीत. सही तुमची, चेक तुम्ही स्वतः हातात दिलात, आकडा दुसऱ्याने घातला एवढ्याने केस पडत नाही. कायदा देणं होतं असंच गृहीत धरतो आणि उलट शाबित करायची जबाबदारी तुमच्यावर टाकतो. मात्र सातव्या पानावर, तेही कंसात, तुम्ही लिहिलंय की ऑगस्ट 2021 ते ऑगस्ट 2022 दरमहा वीस हजार, असे तेरा हप्ते त्यांच्या खात्यावर एनईएफटीने पाठवले. म्हणजे 2 लाख 60 हजार रुपये चेक वटवायला टाकायच्या आधीच परत गेले होते! आणि चेक टाकला तो पूर्ण चार लाखांचा.

दशरथभाई पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये नेमकं हेच ठरवलं. चेक दिल्यानंतर आणि वटवायला टाकण्यापूर्वी काही रक्कम फेडली असेल, तर चेकवर तशी नोंद करून उरलेल्या रकमेपुरताच तो टाकायला हवा. पूर्ण रकमेचा टाकला, तर त्या दिवशी तेवढं देणंच नव्हतं, आणि कलम 138 चा गुन्हा होत नाही. तिथे वीस लाखांच्या चेकपैकी सुमारे चार लाख आधी दिलेले होते. तुमच्याकडे निम्म्याहून जास्त. हप्ते याच कर्जापोटी होते, दुसऱ्या व्यवहाराचे नव्हते, हे मात्र दाखवावं लागेल. फिर्यादी नेमकं तेच नाकारेल.

मग खालच्या कोर्टाने हे का पाहिलं नाही? कारण तुम्ही पासबुकची झेरॉक्स लेखी म्हणण्याला टाचून दिलीत. तिला निशाणी (पुराव्यातल्या कागदावर कोर्ट घालतं तो क्रमांक) पडली नाही, फिर्यादीच्या उलटतपासणीत तेरा हप्त्यांबद्दल एकही प्रश्न नाही. न्यायाधीशांपुढे पुरावा म्हणून ती आलीच नाही. हे अपीलात दुरुस्त करायला एक वाट आहे. कलम 432 (जुनं 391) खाली अपील कोर्ट जादा पुरावा घेऊ शकतं. हक्क म्हणून मागता येत नाही, कोर्टाला गरज वाटायला हवी. उद्याच बँकेत जा आणि पासबुक नव्हे, तर त्या तेरा महिन्यांचा खातेउतारा बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टच्या प्रमाणपत्रासह, सही-शिक्क्यानिशी मागा.

पैशाची तयारीही ठेवा. अपील कोर्ट चेकच्याच कायद्याच्या (ज्यात 138 आहे) कलम 148 खाली भरपाईच्या किमान वीस टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत 1 लाख 10 हजार, साठ दिवसांत भरायला सांगू शकतं, आणि आणखी तीस दिवस वाढवून देऊ शकतं. 2023 पासून अपवादात्मक प्रकरणात सूट मागता येते. ती मागताना त्या तेरा हप्त्यांचाच आधार घ्या. तडजोडीचा विचार करत असाल, तर गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये खर्चाचे दर कमी केलेत. सत्र न्यायालयात तडजोड केली तर चेकच्या रकमेच्या साडेसात टक्के, म्हणजे तीस हजार, विधी सेवा प्राधिकरणाकडे. फिर्यादीला द्यायचे ते वेगळे. माझं मत विचाराल तर स्थगिती मिळेपर्यंत तडजोडीची बोलणी काढू नका. डोक्यावर वॉरंट असताना समोरचा चार लाखांखाली उतरणार नाही.

राहिलं वकिलाचं. ‘मला वकील नको, माझी बाजू मीच मांडणार,’ असं तुम्ही शेवटी अधोरेखित करून लिहिलंय. मांडा, तो तुमचा अधिकार आहे. पण हे तीन अर्ज कुणाकडून तरी नीट लिहून घ्या. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो. फोन करायचा तर 15100. आणि त्याआधीच अटक झाली, तर उत्पन्नाची अटही उरत नाही. कोठडीतल्या माणसाला वकील मागण्याचा हक्क आहे आणि अपील तुरुंग अधीक्षकांमार्फत पाठवता येतं. त्या दिवसासाठी निकालाची एक प्रत आणि खातेउतारा घरी मुलाजवळ ठेवा.